लॅपटॉपवाल्यांना शिव्या देणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय, फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे. म्हणणं थोडक्यात असं की लॅपटॉप घेऊन गोवा-कोकणात राहणारे हे डिजिटल नोमॅड, म्हणजे गावोगाव राहून ऑनलाइन काम करणारे, खरं काम करत नाहीत, टॅक्स बुडवतात, माणसांपासून तुटून एकटे पडतात आणि जातील तिथली भाडी वाढवून लोकलला हाकलतात. पहिल्या दोनात फारसा दम नाही, तिसऱ्यात थोडा आहे, चौथ्यात बराच, म्हणून तिथे जास्त बोलणार आहे.

काम करत नाहीत म्हणे. चीनच्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीने २०१० च्या शेवटी कॉल सेंटरमधल्या, घरून काम करायला तयार असलेल्या लोकांचे वाढदिवसाची तारीख सम की विषम बघून दोन गट केले, एकाला आठवड्यातले चार दिवस घरून काम, दुसरा ऑफिसातच, असं नऊ महिने चालवलं. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी आकडे तपासले तर घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्के जास्त, आणि नोकरी सोडून जायचं प्रमाण निम्मं. मॅनेजरला खुर्चीत माणूस दिसला नाही की करमत नाही, तो वेगळा आजार आहे.

टॅक्सचं तर बोलूच नका. नोकरीवाल्याचा टीडीएस, म्हणजे पगारातून कापायचा टॅक्स, पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, मग तो हिंजवडीत बसो नाहीतर कोकणातल्या हर्णैला. फ्रीलान्सरला बाहेरून पैसे आले की बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले त्याचा कोड, विचारते, सगळं रेकॉर्डवर असतं. वर्षात १८२ दिवस इथे राहिलात की तुम्ही टॅक्ससाठी रेसिडेंट, म्हणजे इथले रहिवासी, आणि मग साधारणपणे जगभरातल्या कमाईवर इथे टॅक्स. हां, टुरिस्ट व्हिसावर येऊन गोव्यात बसून बाहेरचं काम करणारे फॉरेनर, तो प्रश्न खरा आहे, पण त्याला उपाय नियम करणं हा आहे ना. एस्टोनियाने २०२० मध्ये अशा लोकांसाठी वेगळा नोमॅड व्हिसा काढला, स्पेनने २०२३ मध्ये, उत्पन्नाचा पुरावा द्या आणि या.

आता एकटेपणा. त्याच सीट्रिपमध्ये प्रयोग संपल्यावर निवड दिली तेव्हा बरेच जण परत ऑफिसला गेले, घरी एकटं वाटतं म्हणून. म्हणूनच तर कम्युनिटी लागते! पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोंटा दो सोल गावात फेब्रुवारी २०२१ ला सरकारी मदतीने नोमॅड व्हिलेज सुरू झालं, गावच्या सांस्कृतिक केंद्रात बसून काम करायला फुकट जागा दिली. आपल्याकडे सिक्कीममध्ये याकतेनला २०२५ मध्ये तसंच काहीतरी सुरू झालंय, होमस्टेमध्ये राहायचं, वायफाय मिळतं, आणि घरमालकाला ऑफसीझनलाही कमाई. पुण्यातल्या टॉवरमध्ये शेजारच्या फ्लॅटमधल्याचं नाव माहीत नसलेल्या माणसाने इतरांना समाज शिकवू नये असं माझं मत.

राहिली भाडी. हे खोटं नाही, पोर्तुगालची राजधानी लिस्बन घ्या, गोवा घ्या, अगदी मदेरा घ्या, लोक वैतागलेत आणि बाहेरच्या पगारापुढे लोकल पगार टिकत नाही. पण घर भाड्याच्या बाजारातून बाहेर जातं कशामुळे? मोठा वाटा रोजच्या भाड्याने टुरिस्टला दिल्या जाणाऱ्या फ्लॅटचा आणि वर्षातून दोन आठवडे उघडणाऱ्या सेकंड होमचा. बार्सिलोनाने २०२४ मध्ये हाच धागा पकडला, १०,१०१ टुरिस्ट फ्लॅटची लायसन्स नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायची घोषणा केली. म्हणजे रोख फ्लॅटच्या धंद्यावर ठेवला, लॅपटॉपवर नाही. उत्तर गोव्यात बंगले घेऊन ठेवणारे दिल्ली-मुंबईचे गुंतवणूकदार या मेसेजमध्ये कुठेच नाहीत, बघा जरा.

आणि कोकणात तर उलटंच आहे, तिथे घरं रिकामी पडलीत, पोरं मुंबईला. होमस्टेवाल्याचा सीझन दिवाळी, डिसेंबर आणि मे, जून ते सप्टेंबर कुत्रं फिरकत नाही. अशा वेळी दोन महिने राहणारा माणूस आला तर तो खानावळीत जेवतो, गावातल्याच दुकानातून सामान घेतो, रिक्षाने फिरतो, वीकेंडवाल्यासारखी दारूची बाटली किनाऱ्यावर टाकून जात नाही. शिवाय मुंबईत नोकरी करणारी गावचीच पोरगी रिमोट मिळाल्यावर आईबापाजवळ राहू शकते, ती पण नोमॅडच की! अडचण आहे ती पावसात लाईट जाण्याची, लाईट गेली की नेट गेलं, कॉल अर्धवट. गावाने खरंच काही मागायचं असेल तर ग्रामपंचायतीत लाईटचा बॅकअप आणि फायबर इंटरनेट मागा, आणि रोजच्या भाड्याचे फ्लॅट गावात किती चालतील याची मर्यादा मागा.