नाव काढलं म्हणजे माणूस लपतोच असं नसतंय, दादा

कराडच्या एका दादांनी मागच्या लेखावर मोठी कमेंट टाकलीय, तिला दोन ओळीत उत्तर देणं बरं दिसलं नसतं म्हणून इथंच सविस्तर लिहितो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझं म्हणणं होतं की सरकार घरोघरी सर्व्हे करतं, कारखान्यांकडून आकडे घेतं, त्यातली एकेका घराची, एकेका कारखान्याची मूळ माहिती अभ्यासकांना बघायला मिळाली पाहिजे, पण सुरक्षित खोलीत बसून, पेनड्राइव्हवर घालून घरी न्यायची नाही. दादा म्हणतात, नाव-पत्ता काढला की लपवायला उरतंय काय, टाका सगळं नेटवर. वर म्हणतात, ही खोली म्हणजे पुण्या-दिल्लीच्या प्राध्यापकांचा क्लब, आमच्याकडच्या पोराला आत कोण घेणार. आणि शेवटी, सरकारला दिलेली माहिती कुठं जाईल सांगता येत नाही, मग हे नाटक कशाला. (मी एसीत बसून लिहितो असंही आहे. सांगलीत मे महिन्यात एसी मिळाला असता तर मी नको म्हणालो नसतो.)

दादा, तुमचा पहिला आणि शेवटचा मुद्दा एकमेकांना कापतात, पण असू दे, एकेक घेऊ.

नाव काढलं की झालं, हे मुंबईत बऱ्यापैकी खपून जाईल, आपल्याकडं नाही. खानापूर-आटपाडीतली एखादी वाडी घ्या. फाईलीत नाव नाही, पण बाई कुटुंबप्रमुख, वय एक्केचाळीस, थोरला पोरगा तमिळनाडूत गलाईला (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात), धाकटी नर्सिंगला, सासरे अंथरुणाला खिळलेले, दारात ट्रॅक्टर. ही ओळ त्या वाडीच्या टपरीवर वाचून दाखवा, चहा यायच्या आत नाव सांगतील. आणि त्याच ओळीत पुढं कर्ज किती, दवाखान्याला किती गेले, दारूवर किती जातात हे पण असतंय. नाव काढून तुम्ही काय लपवलं?

आणि हे माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून अभ्यासाला दिल्या होत्या, तेव्हा लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीनं २० डॉलर देऊन केंब्रिज गावची मतदारयादी घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला, आणि थेट तिथले गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचीच नोंद काढून दाखवली. आपल्याकडं तर मतदारयादी नेटवर भागवार मिळतेय, त्यात वय, घर नंबर, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव सगळं, वीस डॉलरची पण गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल मग गावाचं नाव काढा, वय गोल करा, नेटवर टाका. बरोबर, आणि तसं करतातच. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर रजिस्टर केलं की नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या घरवार फाईली फुकट उतरवता येतात, तो काय क्लब नाही, कुणीही उतरवा. अडचण अशी की फाईल उघडी ठेवायची तर ती धूसर करावी लागते, आणि धूसर केली की आपल्या भागाचे प्रश्न त्यातनं सुटत नाहीत. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं बघा, त्यात ज्या ठिकाणी सर्व्हे झाला त्या ठिकाणांचे जीपीएस मुद्दाम सरकवून देतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाच किलोमीटरपर्यंत, थोडी ठिकाणं तर दहापर्यंत. दिल्लीतल्या माणसाला पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण जतला जाऊन बघा, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलेलं गाव आणि न आलेलं गाव यात कधी कधी तेवढंच अंतर असतंय. पाणी आल्यावर घरातल्या बाईच्या ॲनिमियात, पोरांच्या वजनात, मजुरीला बाहेर जाण्यात फरक पडला का, हा आपला खरा प्रश्न, आणि उघड्या फाईलीत नेमकी तीच रेघ पुसलेली असते. टेंभूची उपसा योजना तर तुमच्याच कराडजवळ आहे, त्या पाण्याचं पण तेच.

म्हणून मी खोली म्हणतो. जे नेटवर टाकता येत नाही ते निदान कुणीतरी बघावं म्हणून.

खोलीत होतं काय ते सांगतो, कारण तुमच्या कमेंटवरनं वाटलं की तुम्हाला ती रेकॉर्ड रूमसारखी कुलूपबंद जागा वाटतेय. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयानं २००४च्या सुमारास अशी लॅब चालू केली. ते पाच गोष्टी विचारतात: काम कशासाठी, माणूस कोण, जागा कुठली, फाईलीत काय आहे, आणि बाहेर काय जाणार. कॉम्प्युटरला नेट नाही, कॉपी-पेस्ट बाहेर होत नाही, तुम्ही आत हवं तेवढं गणित करा, फक्त तयार टेबल बाहेर न्यायचं असेल तर आधी तिथला माणूस तपासतो.

या शेवटच्या तपासणीवर लोक हसतात, मला तर तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा एका तालुक्यात दोनच साखर कारखाने आहेत आणि तुम्ही तालुक्याचा एकूण पगारखर्च छापला. झालं, पहिल्याचा अकाउंटंट स्वतःचा आकडा वजा करतो आणि दुसऱ्याचा त्याच्या हातात. चार कारखाने असले आणि त्यातला एकच अवाढव्य असला तरी जवळपास तेच. त्याहून वाईट म्हणजे वजाबाकीचा खेळ, आज “जिल्ह्यातले सगळे कारखाने” असं टेबल नेलं, दोन महिन्यांनी “सहकारी तेवढे” असं नेलं, दोन्ही टेबलं एकेकटी निर्दोष, पण जिल्ह्यात खासगी एकच असेल तर तो उघडा पडला. हे मशीनला कळेलच असं नाही, आधी काय काय बाहेर गेलंय हे ठाऊक असलेला माणूस लागतो. आणि एकदा कारखान्याला कळलं की आपला आकडा शेजाऱ्याला कळतो, तर पुढच्या वर्षी तो खरा आकडा देईल का? आपण इथलेच आहोत, तुम्हाला मी सांगायला नको.

आता क्लब. इथं मात्र तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. अमेरिकेत पहिलं असं केंद्र १९९४ मध्ये बोस्टनला झालं, आज तीसपेक्षा जास्त आहेत, पण तिथं पण बराच काळ मोठ्या विद्यापीठाजवळ राहणाऱ्याचीच चैन होती. आपल्याकडं सर्व्हेच्या आणि कारखान्यांच्या माहितीसाठी कुणी खोली काढलीच तर ती दिल्लीत काढतील, फार तर मुंबईत, आणि विट्याच्या कॉलेजातल्या पोरीनं रेल्वेचं भाडं आणि लॉजचं बिल भरून तिथं जावं अशी अपेक्षा करतील. ते मला मान्य नाही. पण त्याचा इलाज खोली मोडणं नाही, खोली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि साताऱ्यात मागणं हा आहे. फाईल सर्व्हरवरच राहते, इथं फक्त स्क्रीन लागतो, त्यामुळं एक बंद खोली, एक कॅमेरा आणि एक जबाबदार माणूस एवढ्यात काम होतं. पीएचडीच पाहिजे असं पण नाही, ब्रिटनमध्ये गणित-संख्याशास्त्र असलेली साधी पदवी चालते, नाहीतर आकडेवारीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. मग प्राध्यापक असो नाहीतर पत्रकार, अटी सगळ्यांना त्याच. आणि माहिती फोडली तर तुरुंग, तिथं दोन वर्षांपर्यंत, अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या २००८च्या सांख्यिकी संकलन कायद्यात नाव-पत्ता काढून, लेखी हमी घेऊन, खऱ्या संशोधनासाठी माहिती द्यायची सोय आहे. दार कागदावर आहे, उघडून द्यायला कुणी बसलेलं नाही.

राहिला सरकारवरचा अविश्वास. तो चुकीचा म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जनगणनेच्या गुप्ततेचा कायदा बाजूला ठेवला आणि १९४३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या जपानी वंशाच्या लोकांची नावं-पत्ते सरकारच्याच दुसऱ्या खात्याला दिले. पण बघा, ते कुण्या अभ्यासकानं फोडलेलं नाही, आतूनच गेलं. म्हणजे तुमची ही भीती जनगणनेच्या कायद्याबद्दल आहे, खोलीबद्दल नाही, आणि त्या लढाईत मी तुमच्याच बाजूला आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की ऊसतोड मजुरांच्या कर्जाचं तालुकावार काही मिळेल का. उघड्या फाईलीतनं तालुकावार नाही निघणार, सॅम्पल तेवढं नसतंय, जिल्ह्याला पण ओढूनताणून. राज्याचं चित्र काढता येईल. फाईल उतरवलीत तर मल्टिप्लायरचा कॉलम (सॅम्पलमधलं एक घर बाहेरच्या किती घरांच्या वतीनं धरायचं तो आकडा) लावल्याशिवाय एकही टक्केवारी काढू नका, आणि कुठं अडलात तर खाली लिहा, माझ्याकडं कोड आहे तो देतो.