‘प्रतिकारक धानाला कीड लागतच नाही’ हा संदेश पुढे पाठवू नका

‘कीडप्रतिकारक वाण लावा, मावा-तुडतुडा, गादमाशी, खोडकिडा, कशाचीच चिंता नाही. एकदा बियाणे घेतले की कायमचे काम झाले. देशी वाणांना तर कीड शिवत नाही. तरी विमा म्हणून रोवणीनंतर 25व्या दिवशी एक फवारणी मारा आणि युरिया भरपूर द्या.’ भंडारा-गोंदियाकडच्या गटांवर फिरणारा हा संदेश काल धाकट्या काकांनी मला पाठवला, सोबत औषधाच्या दुकानातली चिठ्ठी. रोवणी आटोपली आहे, म्हणून आजच लिहितो.

‘कशाचीच’ हे साफ खोटे. प्रतिकारशक्ती एकेका किडीपुरती असते. गादमाशीला दाद न देणारे धान तुडतुड्याला सहज बळी पडते. गादमाशीचेही अनेक जैवप्रकार आहेत, म्हणजे दिसायला सारखे पण वेगवेगळ्या वाणांवर जगू शकणारे गट. त्यामुळे एका जिल्ह्यात टिकलेल्या वाणात दुसरीकडे कांद्याच्या पातीसारखे पोकळ चंदेरी पोंगे निघू शकतात. पिवळ्या खोडकिड्याला पुरते तोंड देणारे वाण तर लागवडीत नाहीच.

‘कायमचे काम’ याला उत्तर आयआर 26 चे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तपकिरी तुडतुड्याला प्रतिकारक असलेले हे वाण 1973 मध्ये दिले. मोठ्या क्षेत्रावर तेच एक लागले आणि दोन-तीन वर्षांत त्याच्यावर जगणारे तुडतुडे तयार झाले. 1976 मध्ये वेगळ्या जनुकाचे आयआर 36 आणावे लागले. प्रतिकारक वाणावर बहुतेक तुडतुड्यांना पोटभर रस मिळत नाही. ज्या मोजक्यांना मिळतो, त्यांचीच पैदास वाढत जाते.

देशी वाणांबद्दल अर्धे खरे आहे, ते मान्य करतो. आयआर 26 मध्ये असलेले प्रतिकाराचे जनुक पहिल्यांदा ‘मुडगो’ या जुन्या भारतीय वाणात ओळखले गेले आणि केरळातले पीटीबी 33 आजही प्रतिकारासाठी वापरतात. पण हे निवडक वाण. दहा देशी वाण लावले तर दहाही वाचतील, असे नाही.

खरा घात 25व्या दिवशीच्या फवारणीत आहे. काकांच्या चिठ्ठीवर डेल्टामेथ्रिन लिहिले आहे. तुडतुड्याची मादी चुडाच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याच्या) बुंध्याशी पानाचे आवरण चिरून आत अंडी घालते. औषध तिथवर पोचत नाही. मरतात ते कोळी आणि अंडी शोषून खाणारा छोटा हिरवा मिरिड ढेकूण. आठवडा-दहा दिवसांत पिल्ले बाहेर येतात, तेव्हा त्यांना खाणारे बांधीत कोणी उरलेले नसते. काही आठवड्यांत पिढी दुप्पट नाही, कैकपट होते आणि हिरव्यागार धानात जळाल्यासारखे गोल चट्टे पडतात. पिढ्या जितक्या जास्त आणि गर्दी जितकी मोठी, तितका वाणाचा प्रतिकार लवकर मोडतो. म्हणजे विम्याची म्हणून मारलेली फवारणी बियाण्याला मोजलेले पैसेच बुडवते. इंडोनेशियाने हे सोसले आणि 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली.

युरियाचेही तेच. नत्र जास्त झाले की रस तुडतुड्याला मानवतो, मादी जास्त अंडी घालते. हेक्टरी 100 किलो नत्र पुरे. अर्धे रोवणीला, पाव फुटव्यांच्या वेळी, पाव लोंबी गर्भात असताना.

बियाण्याच्या पिशवीवर नुसते ‘प्रतिकारक’ असेल, तर कोणत्या किडीला आणि कुठे तपासले, हे विचारा. तपासणीत ट्रेमध्ये रोपांच्या ओळी लावतात, त्यांत टीएन 1 या किडीला सहज बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ असते. रोपांवर तुडतुडे सोडतात आणि टीएन 1 ची ओळ वाळली की बाकीच्यांना 0 ते 9 गुण देतात. 9 म्हणजे रोप मेले. 5 गुणांचे वाण ‘मध्यम’ प्रतिकारक, त्याला राखण लागतेच.

आठवड्यातून एकदा बांधीत उतरा, 20 चूड आडवे करून बुंधा बघा. सरासरी चुडामागे 10 तुडतुडे होईपर्यंत पंप काढू नका, कोळी भरपूर दिसले तर आणखी थांबा. आधी 3-4 दिवस पाणी काढून टाका. तेवढ्यावर भागले नाही, तरच पायमेट्रोझिन 50 टक्के, हेक्टरी 300 ग्रॅम, नोझल खाली बुंध्याकडे धरून. शेंड्यावर उडवलेले औषध तुडतुड्यापर्यंत जातच नाही.