आगीला निराश करू नका

कढईत तेल तापत ठेवलं की स्वयंपाकघरात थांबू नका. फोन घ्या, बाहेर जा, निवांत बोला. तेल बिचारं आधी धूर सोडून कळवतं. बहुतेक तेलं २००-२३० अंश सेल्सिअसला धुरायला लागतात. तरी तुम्ही फिरकला नाहीत, तर साडेतीनशेच्या आसपास ते ठिणगीचीही वाट न बघता आपलं आपण पेटतं. मग धावत या आणि तांब्याभर पाणी ओता. पाणी तेलापेक्षा जड, ते थेट तळाशी जातं आणि क्षणात वाफ होऊन सुमारे १,७०० पट फुगतं. जळतं तेल छतापर्यंत उडवायला एवढं पुष्कळ झालं. नाहीतर पेटती कढई उचलून दाराकडे पळा, तेल वाटेत सांडेलच. गॅस बंद करायचा, बाजूने झाकण सरकवायचं आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत ते उघडून बघायचं नाही, हा उपाय फारच नीरस. त्यात पळापळ नाही की आरडाओरडा नाही.

विजेच्या बाबतीत मात्र धीर लागतो. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर २,००० वॉटचा हीटर लावा. २३० व्होल्टला तो जवळपास ९ अँपिअर ओढतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दीडपट, तर वायरीचा ताप दुपटीहून जास्त. वायरीचं वेटोळं सोडू नका. वर गालिचा असला तर उत्तमच. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, सारखा पडतो? मग वायरिंग कशाला तपासता, सरळ ३२ अँपिअरचा बसवा. एमसीबी असतो वायरीच्या रक्षणासाठी. तोच वायरीपेक्षा दणकट निघाला की फ्यूजचं काम वायर स्वतः करते, तेही भिंतीच्या आत.

गॅसचा वास आला की दिवा लावून शोधा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो आणि बटणातली ठिणगी त्याला पुरते. भित्री माणसं रेग्युलेटर बंद करतात, दारं-खिडक्या उघडतात आणि एकाही बटणाला हात लावत नाहीत, एक्झॉस्ट फॅनच्यासुद्धा.

फोन उशीखालीच चार्ज करा. स्मोक अलार्म काही करपलं की बोंबलतो, त्याची बॅटरी काढून टाका.

आणि झोपताना खोलीचं दार सताड उघडं ठेवा. साधं लाकडी दारही लावलेलं असलं तर धूर बराच वेळ बाहेर अडवतं, आणि धूर तर आगीच्याही आधी येतो. त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.