सीझरला चालतं ते पाठीतलं इंजेक्शन कळांना का चालत नाही?

धाकट्या बहिणीला आठवा लागलाय. बाळंतपणासाठी ती आईकडे, मानेवाड्याला आली आहे. मागच्या रविवारी घरीच ओटीभरण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पंधरा-वीस बायका, सगळं छान झालं. जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारलं, "ताई, कळांच्या वेळी ते पाठीतलं इंजेक्शन घेऊ का गं?"

हळू विचारलं तरी सगळ्यांनी ऐकलं. एका काकूंनी सांगितलं, जन्मभर पाठ दुखते. दुसऱ्या म्हणाल्या, त्यानं बाळ सुस्त होते आणि शेवटी सीझरच करावं लागते. मामी म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना काहीच सहन नाही होत." आणि आजी, जिच्यावर माझा फार जीव आहे, ती म्हणाली, "बाप्पा! कळा सोसल्याबिगर माय होते का कोनी?" बहीण गप्प झाली. तिला काय वाटतं, हे कोणीच विचारलं नाही.

पाहुण्यांसमोर मी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकांपैकी कित्येकींच्या लेकी-सुनांचं सीझर झालेलं आहे. सीझरला बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊनच खालचं अंग बधिर करतात. तेव्हा एकीनेही विचारलं नव्हतं की पाठ दुखेल का, बाळ सुस्त होईल का. डॉक्टरांनी कागद पुढे केला, सही झाली. दोन्ही इंजेक्शनं अगदी एक नाहीत, हे मान्य. सीझरच्या स्पायनलमध्ये औषध मणक्यातल्या पाण्यात एकदाच सोडतात. कळांसाठी देतात त्या एपिड्युरलमध्ये त्या पाण्याभोवतीच्या पडद्याच्या बाहेर एक बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून थोडं थोडं औषध देत राहतात. पण पाठ तीच, सुई देणारे भूलतज्ज्ञ तेच. पोट कापायचं असेल तर ती सुई चालते आणि नुसतं बाईचं दुखणं कमी करायचं असेल तर तिच्यात शंभर दोष दिसतात. हे मला कधीच पटलेलं नाही.

माझी मोठी लेक २०१७ ची, ऐन नवतप्यातली, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांतली. नवतप्यातलं नागपूर कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. एका खासगी नर्सिंग होममध्ये होते. दुपारी कळा सुरू झाल्या, रात्री दोनपर्यंत पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं होतं. लेबर रूममधल्या कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो नुसता गरम हवा फेकत होता. मी सिस्टरला म्हटलं, दुखणं कमी व्हायचं काहीतरी द्या. ती बिचारी चांगली होती, माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती. म्हणाली, "भूलवाले डॉक्टर सीझर असलं तरच येतात जी. आता थोडंच राहिलं, सोसा."

मी म्हटलं, मग सीझर करा.

एकदा नाही, दहा वेळा म्हटलं. बाळाचे ठोके उत्तम होते, सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच होत होतं. ऑपरेशनचं काहीही कारण नव्हतं. तरी मी पोट कापा म्हणून विनवण्या करत होते, कारण त्या इमारतीत माझं दुखणं थांबवणारा तेवढा एकच रस्ता होता. पहाटे लेक नॉर्मल झाली. सगळ्यांनी कौतुक केलं, "नॉर्मल झाली, किती छान!" मी मात्र कित्येक महिने ती रात्र कोणाजवळ बोलू शकले नाही. सीझर मागितलं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. आता वाटत नाही. लाज त्या व्यवस्थेला वाटायला पाहिजे, जिथे दुखणाऱ्या बाईसमोर दोनच पर्याय असतात, सोस नाहीतर काप.

आपल्याकडे सीझर किती वाढले, डॉक्टर कसे पैशासाठी करतात, यावर प्रत्येक लग्नात चर्चा होते. पण किती बायका नुसत्या कळांच्या भीतीने आधीच सीझरची तारीख मागून घेतात, यावर कोणी बोलत नाही. मला अशा तिघी माहीत आहेत. तिघींनाही मधला रस्ता कोणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या वेळी, २०२१ मध्ये, मी आधीच ठरवलं होतं. सातव्या महिन्यात दवाखाना बदलला. तिथल्या मॅडमना पहिला प्रश्न विचारला तो हा, की रात्री-बेरात्री, सुटीच्या दिवशी भूलतज्ज्ञ मिळतात का. मग त्या भूलतज्ज्ञांना आधी भेटले. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, प्लेटलेट्स पाहिल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं, पाठ तपासली. प्लेटलेट्स फार कमी असतील, रक्त गोठत नसेल किंवा सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर एपिड्युरल देत नाहीत. हे कळा चालू असताना समजण्यापेक्षा आधी समजलेलं किती बरं!

प्रत्यक्षात काय झालं ते सविस्तर सांगते, कारण हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी सलाईन लावली. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं, उशी पोटाशी धरून पाठ मांजरीसारखी गोल करायला सांगितली. कळ येत असताना न हलता बसणं हाच त्यातला सगळ्यात अवघड भाग. भूलतज्ज्ञ म्हणाले, कळ आली की सांगा, मी थांबतो. आधी कातडी बधिर करायचं छोटं इंजेक्शन, तेवढंच टोचलं. मग नुसता दाब जाणवला. सुई काढून घेतली, पाठीत फक्त केसासारखी नळी राहिली, ती चिकटपट्टीने खांद्यापर्यंत लावली. पंधरा-वीस मिनिटांनी कळ आलेली मला मॉनिटरवर दिसत होती. पोट कडक व्हायचं ते कळत होतं, पण जीव जात नव्हता. डाव्या बाजूला थोडं दुखत राहिलं, तेव्हा त्यांनी मला कुशीवर वळवलं, औषध वाढवलं, मग तेही गेलं. अंगाला थंडी वाजल्यासारखा कंप सुटला. पाय जड झाले होते. दर थोड्या वेळाने रक्तदाब बघत होते, कारण तो उतरू शकतो. लघवीसाठी नळी घालावी लागली. आणि मी दोन तास झोपले! पहिल्या वेळी ज्या टप्प्यावर मी किंचाळत होते, त्या टप्प्यावर झोपले.

जोर लावायची वेळ आली तेव्हा खाली दाब कळत होता. मुलगा झाला तेव्हा मी हसत होते, त्याचा चेहरा मला नीट आठवतो. लेकीचा पहिला चेहरा मला आठवत नाही. आई झाले ती दोन्ही वेळा सारखीच. आजीला हे अजून सांगायचं आहे.

आता काकूंच्या भीत्यांकडे येते, कारण त्या काही मुद्दाम घाबरवत नव्हत्या, त्यांनाही कोणी नीट सांगितलेलं नाही. बाळंतपणानंतर पाठ दुखते ती इंजेक्शन न घेतलेल्यांचीही दुखते. नऊ महिने वजन पेलून, मग मूल कडेवर घेऊन दुसरं काय होणार? सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळी राहते, पण एपिड्युरलमुळे कायमची पाठदुखी लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सीझर वाढतं हेही खरं नाही. हजारो बायकांवरचे अभ्यास एकत्र करून बघणारा कॉक्रेन या संस्थेचा २०१८ चा आढावा हेच सांगतो. जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. पूर्वी औषध जास्त कडक असायचं, तेव्हा बाळ बाहेर ओढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जास्त यायची. आता औषध पातळ देतात आणि अलीकडच्या अभ्यासांत तो फरक दिसत नाही.

याचा अर्थ त्यात काहीच धोका नाही असा अजिबात नाही. ब्रिटनमधले भूलतज्ज्ञ गरोदर बायकांच्या हातात एक कार्डच देतात, त्यात आकडे लिहिलेले असतात. साधारण ८ पैकी १ जणीला एपिड्युरलने पुरेसा आराम पडत नाही, दुसरं काहीतरी द्यावं लागतं. १०० पैकी १ जणीला नंतर जबरदस्त डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त. त्यावर उपचार आहेत, पण आधी माहीत असलं तर बाई घाबरत नाही आणि अंगावर काढत नाही. नसेला सहा महिन्यांहून जास्त टिकणारी इजा सुमारे १३,००० पैकी १. हे आकडे वाचून एखादी म्हणाली की मला नको, तर ते तिचं नको. त्यालाही माझा तेवढाच मान आहे. माझी जिवलग मैत्रीण काहीही न घेता बाळंत झाली आणि तिला ते तसंच हवं होतं. नवरा रात्रभर तिची कंबर चोळत होता, ती कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती.

आणि एपिड्युरल हाच एक मार्ग नाही. काही ठिकाणी एन्टोनॉक्सचा गॅस असतो, अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन. मास्क बाईने स्वतःच धरायचा. कळ सुरू होतेय असं वाटताच ओढायचा, कारण असर यायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. शिगेला पोचल्यावर ओढला तर उपयोग नाही. दुखणं पूर्ण जात नाही, डोकं हलकं होतं, मळमळू शकतं, पण सोडल्यावर लगेच उतरतो. ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिनचं इंजेक्शन असतं. त्याने गुंगी येते, मळमळतं, आणि बाळ सुस्त होण्याची भीती खरी आहे ती या इंजेक्शनांची, विशेषतः जन्माच्या अगदी जवळ दिलं तर. काकूंनी ऐकलेलं बहुतेक यांचंच असणार, नाव मात्र एपिड्युरलचं झालं. कोमट पाणी, कंबर चोळणं, चालणं, गुडघ्यांवर वाकून बसणं यांचाही उपयोग होतो. आणि सोबत आपलं माणूस असणं! सतत सोबत मिळालेल्या बायकांना औषध कमी लागतं, कळांचा काळ थोडा कमी होतो, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. मग आपल्याकडे आईला दाराबाहेर का बसवतात?

हे मी खासगी दवाखान्यात, पैसे भरून करू शकले, याची मला जाणीव आहे. बिलात भूलतज्ज्ञांची वेगळी ओळ होती आणि ती आम्हाला परवडली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्या. ओरडल्या म्हणून त्यांना जे बोलणं ऐकावं लागलं ते मी इथे लिहू शकत नाही. डागा, मेयो, मेडिकल या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत आपल्या जिल्ह्यातल्याच नाही तर दूरदूरच्या बायका येतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, जेवण, गाडी हे सगळं मोफत आहे. फार मोठी गोष्ट आहे ती. केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात लेबर रूममध्ये सोबतीण असण्याचा मुद्दाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत निरोगी बाईने मागितलं तर एपिड्युरल द्यावं असं म्हटलं आहे. मग मोफतच्या यादीत वेदना कमी करणं हेही स्पष्ट शब्दांत लिहायला हवं. आधी गॅस तरी ठेवा, आधी सोबत तरी आत येऊ द्या. गरीब बाईची कळ कमी दुखते का?

सोसण्याचं कौतुक फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. एडिंबराच्या जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरांनी १८४७ मध्ये बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं, तेव्हा तिकडेही धर्माचे दाखले देऊन विरोध झाला. ७ एप्रिल १८५३ ला राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं, मग बोलणाऱ्यांची तोंडं हळूहळू बंद झाली. (त्याच वर्षी डिसेंबरात आपले तिसरे रघुजी भोसले गेले आणि औरस वारस नाही म्हणून पुढच्या वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. हे आपण शाळेत शिकलो. मूल जन्माला घालणाऱ्या बाईला काय होतं, ते मात्र शाळेत कोणी शिकवलं नाही.)

आणखी एक. सही कोणाची? माझ्या पहिल्या वेळी सगळे कागद नवऱ्यापुढे ठेवले, मी तिथेच शुद्धीवर होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिनेच द्यायची, तिच्या आईची संमती तिच्या जागी चालत नाही. मग सासूबाईंची किंवा नवऱ्याची कशी चालेल? नवऱ्याने हात धरावा, सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवावा, आम्हाला ते हवंच आहे. हो किंवा नाही मात्र जिच्या पोटात कळ येते तिने म्हणायचं. आणि तिने आधी नाही म्हणून आयत्या वेळी हो म्हटलं, तर तेही ऐकायचं.

पाहुणे गेल्यावर मी आणि बहीण रात्री गच्चीवर बसलो. वहीत प्रश्न लिहून काढले. भूलतज्ज्ञ चोवीस तास असतात का? गॅस आहे का? खर्च किती? सोबत कोणाला आत घेतात? एपिड्युरलसाठी किती सेंटिमीटरपर्यंत थांबवता? (अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की वैद्यकीय अडचण नसेल तर बाईने मागणं एवढं कारण पुरेसं आहे, अमुक सेंटिमीटरची वाट बघायची गरज नाही.) नळी ठेवलेली असताना सीझरची वेळ आलीच तर तिच्यातूनच भूल देता येईल का? बहिणीने अजून काही ठरवलेलं नाही. गॅस आधी बघते म्हणते. तिची इच्छा.

आई पाण्याची बाटली घेऊन वर आली आणि तिथेच बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या जन्माच्या वेळी तिला तीस तास लागले होते, आणि हे तिने आजपर्यंत आम्हाला सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी धंतोलीत डॉक्टरांची भेट आहे. मी पण येते म्हणाली. वही हातात घेतली, प्रश्न वाचले आणि बहिणीला म्हणाली, "यात एक लिही. रात्री दोनला फोन केला तर ते भूलवाले किती वेळात येऊन पोचतात, ते विचार."