‘टेकडीवर घर म्हणजे निर्धास्त’ हे पूर्ण खरं नाही

“प्लॉट घ्यायचा तर उंचावर घ्या. पूर लागत नाही, दरड अंगावर येत नाही, खाली पक्का खडक असतो आणि पाणी आपोआप उतरून जातं.” अशा आशयाचा मजकूर आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतो. ऑगस्ट २०२१मध्ये तितूर नदीचा पूर चाळीसगावात शिरलेला ज्यांनी पाहिला, त्यांना तो पटणारच. पुरापुरतं म्हणणं बरोबरही आहे. बाकीच्यावर विसंबून कुणी आयुष्यभराची कमाई उताराच्या कडेला ओतू नये.

दरड अंगावर येत नाही, पण ती पायाखालून जाऊ शकते. ज्या पावसानं चाळीसगाव बुडालं, त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या. उतार तुटला की वरची कड मागे सरकते. तापी-पूर्णेच्या काठच्या घळी अशाच मागे मागे खात आल्या आहेत. तिथे तर पूर ओसरतानाच धोका वाढतो. माती भिजून जड झालेली असते आणि तिला बाहेरून टेकू देणारं पाणी निघून जातं.

खाली खडक असतोच असंही नाही. तापीच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. सातपुड्यात किंवा सातमाळ्यात कठीण काळ्या दगडाखाली मुरूम, मांजऱ्या (मऊसर, ठिसूळ खडक), कधी तांबड्या मातीचा थर निघतो. शेजारची न बांधलेली विहीर असेल तर तिच्यात वाकून पाहा, थर उघडे दिसतात.

आणि पाणी. पावसाचं थोडं उतरून जातंही, पण घराचं स्वतःचं पाणी कुठे जातं? गच्चीचं, मोरीचं, संडासाच्या टाकीचं, परसातल्या झाडांचं. ‘पाणी जिरवा’ हे आपल्या शेतांसाठी मोलाचं आहे आणि सपाट गावात शोषखड्डा हवाच. तोच खड्डा कडेजवळ खणला, तर आपण बाराही महिने उताराच्या पोटात पाणी भरत राहतो. माती जड होते, तिची पकड सुटते. कडेवरच्या घराचं सगळं पाणी बंद पाइपानं पार पायथ्याशी, धूप होणार नाही अशा जागी सोडायला हवं.

“दगडी भिंत घातली की झालं” असंही सांगतात. पाणी निघायला भोकं नसतील, मागे खडीचा थर नसेल, तर तीच भिंत पाणी अडवते आणि फुगते. प्लॉट सपाट करायला कडेवर टाकलेल्या भरावावर पाया घेऊ नका. निम्मं घर भरावावर आणि निम्मं मूळ जमिनीवर आलं, तर भिंती तडकतात.

किती मागे बांधायचं? अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत एक साधारण नियम आहे: उताराच्या उंचीच्या एक तृतीयांश इतकं अंतर सोडायचं. उतार ४५ अंशांपेक्षा उभा असेल, तर पायथ्यापासून ४५ अंशांची रेघ वर आणायची आणि ती वरच्या जमिनीला जिथे मिळते तिथून अंतर मोजायचं. म्हणजे ३० फुटांच्या उभ्या दरडीला आधी ३० आणि वर १०, एकूण ४० फूट. आपल्या मातीसाठी शेवटचा आकडा भू-तंत्र अभियंत्यानंच ठरवावा.

घर आधीच बांधलं असेल तर भेगा पाहत राहा. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा जाळीसारख्या पसरतात आणि पावसात मिटतात. कडेला समांतर जाणारी, पावसातही न मिटणारी, एका बाजूची जमीन खाली बसवणारी भेग दिसली, तर जोराच्या पावसात त्या घरात झोपू नका आणि तलाठ्याला लगेच कळवा.