मामांचं फॉरवर्ड आणि बिचारा गोदॉय

मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं, भाचीने ते शाळेच्या प्रकल्पवहीत जसंच्या तसं उतरवलं, म्हणून हे लिहिणं आलं. नाहीतर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या स्पेनच्या दरबाराशी माझं काय देणंघेणं! मजकूर असा: 'गरीब शेतकऱ्याचा पोर मानुएल गोदॉय गिटार वाजवून राणी मारिया लुइसाचा प्रियकर झाला, २५व्या वर्षी पंतप्रधान झाला, लुइझियाना नेपोलियनला विकून पैसे खाल्ले, शेवटी बाईच्या वेषात पळाला. बाईने राज्यात डोकं घातलं की राज्य बुडतं.'

शेतकरी? १७६७ साली बादाहोसला जन्मलेला गोदॉय लहानशा सरदार घराण्यातला. १७८४ मध्ये तो राजाच्या अंगरक्षक दलात शिरला, आणि तिथे कुलीन असल्याचा पुरावा दिल्याशिवाय घेतच नसत. वय मात्र बरोबर आहे, १७९२ मध्ये पंतप्रधान झाला तेव्हा तो २५ वर्षांचाच होता. गिटारीचं सोडून देऊ.

लुइझियाना. हा उत्तर अमेरिकेतला स्पेनच्या ताब्यातला मोठा मुलूख. तो फ्रान्सला देणारा सान इल्देफोन्सोचा करार १ ऑक्टोबर १८०० चा. गोदॉय मार्च १७९८ मध्येच पदावरून उतरला होता. कारभार उर्किखो नावाच्या मंत्र्याकडे होता. आणि पैशांत विक्री झालीच नाही, बदल्यात राणीच्या जावयाला इटलीतल्या तोस्कानाचं राज्य मिळायचं होतं. पैसे घेऊन विकली ती नेपोलियनने, अमेरिकेला, १८०३ मध्ये. हां, मार्च १८०१ च्या अरान्हुएसच्या पूरक करारावर गोदॉयची सही आहे. तेवढं मामांना दिलं.

आता राणी. माझा संताप इथे आहे. गोदॉयचं चरित्र लिहिणारे इतिहासकार एमिलियो ला पार्रा यांनी कागदपत्रं चाळली. प्रेमप्रकरणाचा पक्का पुरावा काही हाती लागत नाही. मग एवढा बोभाटा केला कुणी? तिच्या पोटच्या पोराने! युवराज फर्नांदोच्या गोटाने आई आणि गोदॉय यांची अश्लील चित्रं काढवून, खाली टवाळ पद्यं लिहून वाटली. म्हणजे मामांचं फॉरवर्ड तेव्हापासून फिरतंय, फक्त कागदाचा मोबाइल झाला. गंमत बघा, याच युवराजाने ऑक्टोबर १८०७ मध्ये बापाच्या नकळत नेपोलियनला पत्र लिहून त्याच्या घराण्यातली मुलगी मागितली! पुढे हद्दपारीत राणीचा नवरा राजा कार्लोस, राणी आणि गोदॉय आधी फ्रान्समध्ये, मग रोममध्ये एकत्र राहिले. १८१९ च्या जानेवारीत आधी राणी गेली, त्याच महिन्यात राजा. फसवलेला नवरा असा दहा वर्षं एका छपराखाली राहतो होय? आणि राज्य बुडालं ते बाईमुळे म्हणे! आपल्याकडेही 'ध चा मा' म्हटलं की आनंदीबाईवर खापर फोडून मोकळे.

गोदॉय धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे कबूल. २७ ऑक्टोबर १८०७ च्या फाँतेनब्लोच्या करारात पोर्तुगालची वाटणी ठरली, दक्षिणेचा तुकडा खुद्द गोदॉयला. या लालसेपायी फ्रेंच फौजेला स्पेनमधून वाट मिळाली आणि ती फौज तिथेच ठाण मांडून बसली. देशाला लागलेली खरी आग ही, पण फॉरवर्डमध्ये हिचा पत्ताच नाही.

बाईचा वेष वगैरे काही नाही. मार्च १८०८ मध्ये अरान्हुएसला चिडलेला जमाव गोदॉयच्या घरात घुसला तेव्हा तो माळ्यावर गुंडाळलेल्या चटयांमध्ये लपला. दीड दिवस तसाच. मग तहानेने जीव कासावीस झाला, बाहेर आला आणि सापडला. मेला मात्र पॅरिसला, १८५१ मध्ये, ८४ वर्षांचा होऊन.