मेलेल्यांच्या वह्या

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याची जुनी इमारत पाडायचं ठरलंय. मागच्या खोलीत जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे पडून आहेत. ते रद्दीत घालण्याआधी निदान पानांचे फोटो काढून ठेवू, असं एका निवृत्त गुरुजींनी सुचवलं. त्यावर घरच्या ग्रुपवर आमच्या दादाने लिहिलं, "मेलेल्यांच्या वह्या जपण्यापेक्षा जिवंतांना खाटा द्या." मी गुरुजींच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या, तर दादाचं लगेच उत्तर: "तिकडे बसून सांगायला काय जातं?"

चार दिवस झाले, ते वाक्य मनातून जात नाही.

मी इंग्लंडमधल्या विंचेस्टरला राहते. इथलं काउंटी हॉस्पिटल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, १७३६ सालचं; लोकांच्या वर्गणीवर चालणारं, इंग्लंडात लंडनबाहेर सुरू झालेलं या प्रकारचं पहिलं. त्याचे जुने कागद आमच्या हॅम्पशायर जिल्ह्याच्या अभिलेखागारात आहेत. पिशवी आणि पेन लॉकरमध्ये ठेवायचं, पेन्सिल घेऊन आत जायचं. तेव्हाच्या अशा रुग्णालयांत, अपघात सोडला तर, वर्गणीदाराची चिठ्ठी आणल्याशिवाय गरिबाला सहसा खाट मिळत नसे. गरोदर बाई किंवा साथीचा रोगी आला, तर दारातूनच परत. ही लाजिरवाणी गोष्ट आज आपण वाचू शकतो, कारण ते कागद कुणी जाळले नाहीत.

नंतर हे हॉस्पिटल पार्चमेंट स्ट्रीटवर होतं, दाटीच्या वस्तीत, मैल्याच्या खड्ड्यांशेजारी. १८६८ मध्ये ते रॉम्सी रोडच्या चढावर नेलं. उंचावरच्या मोकळ्या जागेचा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी धरला होता. शहरात गटारं घालायची की नाही, यावर मात्र इथले लोक वर्षानुवर्षं भांडत राहिले. कर वाढतील म्हणून विरोध करणाऱ्यांना 'मकाबाइट' म्हणायचे, म्हणजे घाणवाले. 'आजवर चाललं ना, मग आता खर्च कशाला?' दादा, तुझंही म्हणणं हेच आहे.

आणि मेलेल्यांच्या वह्यांचं म्हणशील, तर १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांच्या हाती काय होतं? जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातून मिळालेली ८३ मृतांची यादी. ते एकेका पत्त्यावर गेले, घरात पाणी कुठून येतं ते विचारलं, आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापाशी पोचले. पंपाचा दांडा काढला गेला. जिवंत माणसांसाठीच होती ती यादी.

आपल्याकडेही प्लेग येऊन गेला, १९१८ चा ताप येऊन गेला, देवी, घटसर्प. कुठल्या आळीत आधी, कुठल्या महिन्यात, कुणाच्या पोरांना, हे गावात आता कोण सांगणार? आमदारांची नावं कोनशिलेवर असतात. मजुराचं, कोवळ्या पोराचं नाव आयुष्यात एकदाच कुठे लिहिलं जातं, ते त्या रजिस्टरात. खाटा हव्यातच, कोण नाही म्हणतंय? पण फोटो काढल्याने खाट कमी होते का?

इथे जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ मिळायला पंधरा दिवस लागतात, हे मला घरचे नेहमी ऐकवतात. लागतात. तरी मागच्या महिन्यात अभिलेखागारात शेजारी बसलेल्या आजोबांना पणजीच्या घराण्यातलं एक नाव सापडलं आणि ते कितीतरी वेळ त्या पानावर हात ठेवून बसले होते. त्यांनी मला विचारलं, तुमचे कोण आहेत यात? मी म्हटलं, कोणी नाही.

खरं तर आहे. माझी मुलगी याच हॉस्पिटलात जन्मली. तिची नोंद इथे आहे. माझ्या आजीचा पहिला मुलगा घटसर्पाने आपल्या गावच्या दवाखान्यात गेला, चार वर्षांचा होऊन. त्याचा फोटो नाही. त्याचा केसपेपर आजीने ट्रंकेत ठेवला होता, लुगड्याच्या घडीत. इकडे येण्याआधी घर आवरलं तेव्हा ती ट्रंक मीच रिकामी केली. कागद पिवळे, अक्षर लागत नव्हतं, विमानाला आठ दिवस उरले होते. रद्दीवाल्याने तराजूत टाकले तेव्हा मी तिथेच उभी होते. दादा, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आता त्याची नोंद असलीच तर त्या मागच्या खोलीत असेल. डिसेंबरमध्ये मी येते आहे, गुरुजींसोबत बसून पानं मीच उलटेन, तोवर गठ्ठे कोरड्या जागी ठेवायला सांग. फक्त कुठल्या सालापासून बघायचं ते कळत नाही. आजी एवढंच म्हणायची, त्या वर्षी ओढ्याला ज्येष्ठातच पूर आला होता. ते साल कुठलं, काकांना विचारशील का?